तुमचं काम कोण बघतं? समुपदेशक निवडताना विचारायचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेलं वर्षभर कारण नसताना रडू येतं, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, आणि आता कुणाशी तरी बोलावं असं वाटतंय. दोन समुपदेशकांची माहिती तुम्ही वाचलीत. एकीच्या नावापुढे पदव्यांची रांग. दुसरी लिहिते, 'मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून मला कळतं.' यातली कुठली निवडावी, तिथे बसून नेमकं होतं काय, आणि मैत्रीणही ऐकतेच की, मग वेगळं काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मैत्रीण खूप काही करते, आणि अशी मैत्रीण असेल तर तिला सोडू नका. पण मैत्रिणीचा तुमच्या आयुष्यात वाटा असतो. समजा मंगळवारी तुम्ही तिच्यापाशी नवऱ्याविषयी भडाभडा बोललात आणि शनिवारी तोच नवरा तिला दारात 'या, बसा' म्हणाला. तिला तुमचं बोलणं विसरता येत नाही, आणि ती विसरलेली नाही हे तुम्हालाही ठाऊक असतं. पुढच्या वेळी तुम्ही जरा जपूनच बोलता. शिवाय मैत्रीत फेड आली: आज तुम्ही रडलात, उद्या तिची पाळी. समुपदेशनात ही फेड मुद्दाम काढून टाकलेली असते. ती पन्नास मिनिटं सगळी तुमची. समोर बसलेल्या बाईचं डोकं ठणकत असेल, ती घरून भांडून आली असेल, त्यातलं काही तुमच्या कानावर येता कामा नये. वरवर हे कोरडं वाटतं. पण या एकतर्फीपणामुळेच माणूस कुणापाशीच न बोललेलं बोलून जातो.

आता पदव्या. त्या पाहाव्यातच. समुपदेशक ही पाटी कुणीही लावावी अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालंय का, समुपदेशनाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, शिकत असताना कुणाच्या देखरेखीखाली किती काम केलंय, हे विचारायला लाजू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पदविका भिंतीवर सारख्याच चौकटीत टांगलेली असते. पदवी असली म्हणजे या बाईला नैराश्य आणि साधा थकवा यांतला फरक कधीतरी शिकवला होता एवढं कळतं. तुम्ही समोर बसल्यावर तो तिच्या लक्षात येईल का, ते पदवीवरून कळत नाही.

'स्वतः यातून गेले आहे' या वाक्याने मला थोडं सावध व्हायला होतं. अनुभवाचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण आपलं दुःख ज्या वाटेने ओसरलं ती वाट आपल्याला राजरस्ता वाटायला लागते. ती ध्यानाने सावरली असेल तर तुम्हालाही ध्यानाला बसवेल. नोकरी सोडून सावरली असेल तर तुमच्या नोकरीकडे संशयाने बघेल. तिच्याकडे गेलात तर एक गोष्ट बघा: बोलणं सुरू असताना तिची गोष्ट किती वेळा मध्ये येते? कधीतरी एखादं वाक्य ठीक. दर वेळी दहा मिनिटं तिच्याच गोष्टीत जात असतील तर तुमचं बोलणं राहून जातंय.

माझंच सांगते, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. सहा वर्षं मी शाळेत गणित शिकवत होते. मग मानसशास्त्रात एम.ए., मग समुपदेशनाची पदविका, आणि आता या कामाला एकोणीस वर्षं होतील. हे झालं पाटीवरचं.

पाटीवर नसलेलं असं. माझ्या लहानपणी घरात दोन मोठ्या माणसांचं पटत नसे. आवाज चढायला लागला की मी उठून पाणी आणायचे. कुणी मागितलेलं नसायचं. पण ग्लास हातात आला की माणूस क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात भांडणाची धार जाते. आठव्या वर्षी सापडलेली ही युक्ती इतकी कामाला आली की ती युक्ती आहे हेच पुढे मी विसरून गेले. घरात सगळे म्हणायचे, पोरगी समजूतदार आहे.

या कामातलं माझं दुसरं वर्ष होतं. विशीतली एक मुलगी यायची. तिच्या परवानगीने मी बैठकी रेकॉर्ड करत होते, कारण त्या मला माझ्या सुपरव्हायझरांबरोबर बसून ऐकायच्या असत. (सुपरव्हिजनला मराठीत देखरेख म्हणतात, पण त्या शब्दाला कारखान्याचा वास येतो. आमच्याकडे ते एका अनुभवी माणसासमोर आपलं काम उलगडून ठेवणं असतं.) अकराव्या मिनिटाला सुपरव्हायझर बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं.

'हा आवाज कसला गं?'

'ग्लासचा. तिला पाणी दिलं.'

'तिनं मागितलं होतं?'

'नाही, पण रडत होती ना.'

त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मुलगी म्हणत होती, 'आणि मग बाबा म्हणाले की…' मग हुंदका. मग टेबलावरून ग्लास सरकल्याचा आवाज. मग एक घोट. आणि मग मुलीचा एकदम सावरलेला स्वर: 'जाऊ दे. परीक्षेचं काय करू ते सांगा.'

बाबा काय म्हणाले ते मला कधीच कळलं नाही. आम्ही हे ऐकायला बसलो तोवर तिच्या पुढच्या दोन बैठकी अभ्यासाच्या वेळापत्रकात गेल्या होत्या (गणिताची बाई मी, वेळापत्रक सुरेख झालं होतं) आणि तिसऱ्या वेळी ती आलीच नव्हती. बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, 'त्या वेळी शांत कुणाला व्हायचं होतं?'

मला. तिच्या रडण्याने माझाच जीव वरखाली झाला होता, आणि माझा हात आठ वर्षांच्या मुलीसारखा पाण्याकडे गेला होता.

आता माझ्या खोलीत पाण्याची बाटली आणि ग्लास समोरच्या माणसाच्या हाताशी असतात, माझ्यापासून लांब. हवं त्याने हवं तेव्हा घ्यावं. माझा हात अजूनही उठतो. फक्त तो उठला की आता मला कळतं, आणि कळलं की मी गप्प बसून राहू शकते.

म्हणून पार्श्वभूमी बघायचीच असेल तर मी दोघींना फोन करून हा प्रश्न विचारेन: 'तुमचं काम कोण बघतं?' पूर्वी कोण बघायचं ते सोडा, आत्ता कोण बघतं? अनुभवी असतील तर त्यांच्यासारख्याच चार जणांचा गट असेल, महिन्यातून एकदा एखाद्या ज्येष्ठांशी बोलणं असेल, काहीही चालेल. 'एवढ्या वर्षांनी आता त्याची गरज पडत नाही' असं उत्तर आलं तर मी दुसरा नंबर फिरवेन.

ही माझी लहर आहे असं समजू नका. बंद दाराआड काय चालतं हे पूर्वी फक्त उपचारक सांगेल तेवढंच कळायचं. ती प्रथा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी मोडली. त्यांनी बैठकी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि १९४२ साली एका माणसाबरोबरच्या आठही बैठकी शब्दन्‌शब्द छापल्या. आपण काय बोललो ते कुणालाही तपासता यावं म्हणून. आणि ते तपासावंच लागतं, कारण स्वतःचं काम जोखण्यात आम्ही मंडळी फार कच्ची असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं होतं, की आपल्या क्षेत्रातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल? एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. (यात मी असते तर मीही ठेवलं नसतं.) त्याआधीचा २००५ सालचा अभ्यास आणखी बोलका आहे. ५५० जणांपैकी उपचार संपताना कुणाची अवस्था आधीपेक्षा बिघडलेली असेल, याचा अंदाज उपचारकांना वर्तवायला सांगितला होता. त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात चाळीस जणांची बिघडली.

यावर एक साधा उपाय मी गेली बरीच वर्षं वापरते. बैठकीच्या शेवटी एक कागद देते. त्यावर दहा-दहा सेंटीमीटरच्या चार आडव्या रेघा. आज तुमचं ऐकून घेतलं गेलं का, हव्या त्या विषयावर बोलणं झालं का, ही पद्धत तुम्हाला मानवते का, आणि एकूण बैठक कशी झाली? प्रत्येक रेघेवर एक खूण करायची. सुरुवातीला सगळे उजव्या टोकाला खुणा करतात. 'छान झालं मॅडम.' भिडेपोटी. मी सांगते, आज दहापैकी दहा मिळाले तर मला काही शिकता येणार नाही, कुठे अर्धा सेंटीमीटर कमी आहे ते दाखवा. एका आजोबांनी चौथ्या भेटीत दुसऱ्या रेघेवर साडेसातला खूण केली आणि म्हणाले, 'तुम्ही माझ्या झोपेबद्दलच विचारत बसता.' त्यांना भावाबद्दल बोलायचं होतं. चार भेटींत एकदाही भावाचं नाव निघालं नव्हतं.

आता तिथे बसून होतं काय, ते.

समुपदेशन या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय, त्यामुळे लोक सल्ला घ्यायच्या तयारीने येतात, काही जण तर वही घेऊन. सल्ला देणं सोपं असतं, आणि तुम्हाला बहुतेक सगळे सल्ले आधीच माहीत असतात. लवकर झोपा, चाला, मोबाइल लांब ठेवा. माहीत असून होत नाही, म्हणून तर माणूस आलेलं असतं. मग आम्ही करतो ते काम वेगळं, आणि बघणाऱ्याला ते जवळजवळ काहीच नाही असं वाटेल.

एक गृहस्थ आले होते, चाळिशी ओलांडलेले. (तपशील बदललेत, दोन-तीन जणांचं मिळून एक केलंय.) तक्रार एवढीच की चिडचिड होते. मी विचारलं, कधी? म्हणाले, घरी गेल्यावर. गेल्या गेल्या लगेच? जरा थांबून म्हणाले, 'लगेच नाही जात मी वर. खाली गाडीत बसतो. वीस मिनिटं. कधी अर्धा तास. गाडी बंद करून.'

इथे दोन मोह होतात. एक, 'मग त्या वेळात दीर्घ श्वसन करा' असं सांगून टाकणं. दुसरा, 'घरी काही बिनसलंय का?' म्हणून तर्क लढवणं. दोन्ही गिळून मी विचारलं, 'त्या वीस मिनिटांत शरीरात कुठे काय होतं?' प्रश्न त्यांना विचित्र वाटला, सगळ्यांनाच वाटतो. मग म्हणाले, 'टेन्शन येतं.'

टेन्शन हा शब्द मी कधी खोडून काढत नाही, पण त्यावर थांबतही नाही. ते झाकण आहे, खाली काहीही शिजत असू शकतं. 'हे टेन्शन कुठे जाणवतं?' 'इथं, गळ्यापाशी. आणि मान वर करवत नाही.' मला ते खटकलं, कारण रागाने बहुधा मान ताठ होते. 'वर जायची भीती वाटते?' 'भीती नाही.' 'धास्ती?' 'तसंही नाही हो.' मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. बाहेर कुणीतरी जिन्यावरून उतरून गेलं तेवढं ऐकू आलं. मग त्यांचं त्यांनीच म्हटलं, 'ओशाळल्यासारखं होतं.'

तीन महिन्यांपूर्वी कामावर त्यांची जागा खाली आली होती, हाताखालचा माणूस वर गेला होता, आणि घरी त्यांनी हे सांगितलंच नव्हतं. घरात रोज कुणीतरी विचारायचं, 'कसा गेला दिवस?' आणि रोज ते खेकसायचे. आम्ही चिडचिडीवर काम करत बसलो असतो, दहा आकडे मोजा, एक फेरी मारून या, तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं असतं.

भावनेला नाव देण्याचा परिणाम मेंदूतही दिसतो. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांना भावना दाखवणारे चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेचा शब्द निवडायला सांगितल्यावर भीती-धोक्याशी संबंधित असलेल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झाली. याउलट भावना चेहऱ्यावर दिसूच द्यायची नाही असं ठरवलं की काय होतं, ते जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांच्या प्रयोगांत दिसलं: चेहरा कोरा राहतो, नकोशी भावना आत तेवढीच राहते, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. 'मी कुणाला दिसू देत नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

या बाबतीत मराठी भाषा माझी निम्मी कामं करते. हुरहुर, तगमग, घुसमट, धाकधूक, कालवाकालव, खंत, सल, रुखरुख, हळहळ. हिरमुसणं, खट्टू होणं, खजील होणं, ओशाळणं. यातला प्रत्येक शब्द वेगळी वाट दाखवतो. रुखरुख असेल तर आपल्याकडून काहीतरी करायचं राहिलंय. बऱ्याचदा एक फोन, एक 'चुकलं माझं' एवढ्यावर ती जाते. सल असेल तर बहुधा दुसऱ्या कुणीतरी काहीतरी केलेलं किंवा बोललेलं रुतून बसलंय. तिथे तुम्ही हजार वेळा माफी मागितलीत तरी उपयोग नाही, कारण चूक तुमची नव्हतीच. घुसमट असेल तर कुठेतरी नाही म्हणायचं राहून गेलंय का ते बघावं लागतं. हुरहुर असेल तर काही करायची गरजच नसते, तिच्याबरोबर जरा बसलं तरी चालतं. आणि हे सगळं आपण 'टेन्शन' नाहीतर 'डिप्रेशन' या दोन शब्दांत कोंबतो. तुम्ही लिहिलंय, 'उगाच रडू येतं'. मी तुमच्यासमोर असते तर त्या 'उगाच'पाशी बराच वेळ थांबले असते.

दर वेळी खोलात जाणं बरोबर असतं असंही नाही. माणूस घाबरून थरथरत असेल, श्वास पुरत नसेल, तर त्या वेळी 'नेमकं काय वाटतंय?' विचारणं क्रूर ठरेल. आधी पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, श्वास सोडताना घेण्यापेक्षा जरा लांबवा. अशा वेळी पाणीही द्यावं. आणि एखादा मोठा आघात होऊन चार दिवसही झाले नसताना 'सगळं बोलून टाक, मोकळी हो' म्हणून मागे लागू नये. अशा एका बैठकीत सगळं ओतून घेण्याच्या पद्धतीचा फायदा अभ्यासांत दिसला नाही, काहींना तर त्रास वाढला.

उपचारपद्धतींची नावं तुम्ही वाचली असतील, त्यांत फार अडकू नका. रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं, की समोरच्याने प्रामाणिक असावं, तुम्हाला अटी न घालता स्वीकारावं आणि तुमच्या जागी उभं राहून बघावं, की बदल घडायला लागतो. अल्बर्ट एलिस त्याच दशकात म्हणत होते, की घटना आणि भावना यांच्या मध्ये तुमचा विचार असतो, आणि 'असं व्हायलाच हवं', 'मला हे सहनच होणार नाही' असे हट्टी विचार तपासता येतात, बदलता येतात. मी दोन्ही वापरते. आधी रॉजर्स, मग एलिस. उलट क्रमाने केलं तर माणसाला वाटतं की आपलं दुःख ऐकून न घेताच आपल्याशी वाद घातला. आणि एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली सांगितलेली गोष्ट सगळ्याच पद्धतींना लागू पडते: कशासाठी भेटतोय आणि त्यासाठी काय करायचं याबद्दल दोघांचं एकमत हवं, आणि दोघांमध्ये विश्वास हवा. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत यातलं काहीच जमत नसेल तर तसं तोंडावर सांगा. चांगला समुपदेशक दुखावणार नाही, आणि दुखावला तर ते त्याने आपल्या सुपरव्हायझरकडे न्यावं.

'सकारात्मक विचार करा' असं मी कधीच म्हणत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल मनात येतच राहिलं. त्याऐवजी काळजीला वेळ ठरवून द्यायची पद्धत मला जास्त आवडते, ती टॉमस बोर्कोव्हेक यांची. रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर टिपायची आणि तिला सांगायचं, साडेपाचला ये. वेळ झाली की बसून खुशाल काळजी करायची. सुरुवातीला माणसं हसतात. पण दोन आठवड्यांनी सांगतात की चिठ्ठी उघडली तर त्यातली निम्मी कलमं विरून गेलेली असतात. झोपायच्या आधीची वेळ मात्र ठरवू नका. तुमची पहाटेची जाग लक्षात घेता हे मुद्दाम सांगतेय.

त्या पहाटे जाग येण्याबद्दलच आणखी. वर्षभर रडू, पहाटे उडणारी झोप हे ऐकल्यावर मी पहिल्या भेटीत तुम्हाला आधी डॉक्टरांकडे जाऊन आलात का ते विचारेन. थायरॉइड कमी पडणं, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, पाळी जाण्याच्या आसपासचे बदल, चालू असलेली काही औषधं, यांतल्या कशानेही हे होऊ शकतं, आणि थायरॉइडवर समुपदेशन चालत नाही. मग नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देईन, पीएचक्यू-९ नावाची. गुण शून्य ते सत्तावीस, आणि दहा किंवा जास्त आले तर नैराश्याच्या दृष्टीने नीट तपासणी करायची. तिने निदान होत नाही, पण महिन्याभराने पुन्हा भरली की आपण कुठे चाललोय ते कळतं. शेवटचा, नववा प्रश्न मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का हा आहे. तो मी तोंडीही विचारते, सरळ शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात जातो ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. तुमचं उत्तर 'हो' असेल तर हे सगळं वाचत बसू नका. आजच घरातल्या कुणाला तरी सांगा, आणि मानसोपचारतज्ज्ञ, हेल्पलाइन किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

औषधं आम्ही देत नाही, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात, आणि लागली तर घ्यावीत. औषध आणि बोलणं एकाच वेळी चालू शकतं. 'माझ्याकडे येता ना, मग गोळ्या कशाला?' असं जी समुपदेशक म्हणेल तिच्याकडे परत जाऊ नका.

बोललेलं बाहेर जात नाही, पण याला अपवाद असतात: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश. हे अपवाद पहिल्याच भेटीत तुम्ही न विचारता सांगितले गेले पाहिजेत. सुपरव्हिजनमध्ये तुमच्याबद्दल बोललं जाईल, नाव न घेता, हेही सांगायला हवं. मी सांगते तेव्हा एखादं माणूस बिचकतं. 'म्हणजे माझ्याबद्दल कुणाशी तरी बोलणार तुम्ही?' मी म्हणते, खरं तर माझ्याबद्दल बोलणार, तुमच्यासमोर मी काय केलं त्याबद्दल.

किती भेटी लागतील? १९८६ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात आठव्या बैठकीच्या सुमारास साधारण निम्म्या लोकांना फरक पडलेला दिसला होता. तेव्हा सहा-आठ भेटी धरून चला आणि मग तुम्ही आणि तुमची समुपदेशक, दोघींनी मिळून बघा. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर आधीपेक्षा जड वाटलं तर घाबरू नका, बरंच उकरून निघालेलं असतं. आठ भेटींनंतरही तसंच जड वाटत असेल तर मात्र विचारा.

दोघींना फोन कराल तेव्हा पदवी विचारा, वर मी लिहिलेला प्रश्न विचारा, आणि अमुक पद्धत माझ्यासाठी का, तेही विचारा. उत्तरातल्या शब्दांपेक्षा प्रश्न ऐकून ती किती अस्वस्थ होते इकडे लक्ष असू द्या. पदव्यावाली म्हणाली, 'दर दोन आठवड्यांनी आमचा गट बसतो,' आणि स्वतः यातून गेलेली गडबडली, तर निवड सोपी आहे. उलटही होऊ शकतं. मग पहिल्या भेटीत बोलता बोलता रडू आलं, तर ती काय करते तेवढं बघा. रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. भेटीची वेळ घ्यायला त्यांच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.